लेकीच्या ग्रुपवर ते बारीक घड्याळ कसलं?

धायरीची_आई
रविवार, रात्री ११:२०

नमस्कार. मी इथे एरवी नुसती वाचते. मागे वॉटर प्युरिफायरच्या धाग्यावर एकदा भांडले होते, तेवढंच. आज विचारायला आलेय.

मुलगी पंधराची, दहावीत. मी मार्केट यार्डात एका भुसार व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हिशेब बघते, नवरा चाकणला शिफ्टमध्ये, घरी सासूबाई. मुलीला फोन आठवीत दिला, तोही माझा जुना, कोपऱ्यात काच तडकलेला.

आज दुपारी तिच्या क्लासची फी भरायची होती आणि क्यूआर कोड तिच्या फोनवर आलेला. तिनेच फोन हातात दिला, "बघ, वरचाच मेसेज आहे," म्हणाली आणि केस धुवायला गेली. (मी चोरून बघितला नाही, हे आधीच सांगून ठेवते. इथली मंडळी कशी आहेत ते मला माहितीय.) फी भरली. आता त्या यादीत तिच्या मैत्रिणींचा एक ग्रुप. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. त्याच्या डीपीच्या कोपऱ्यात एक बारीक घड्याळ.

बोट लागलं म्हणा, लावलं म्हणा. आत तीन मेसेज. "पोचले." "प्रमेयाला किती मार्क गं?" आणि एका रडक्या मांजराचं स्टिकर. संपलं. ज्या ग्रुपमुळे आमच्या घरात आठवडाभर टिंगटिंग चालू असते, तुरीची गाडी खाली होताना हमाल करत नाहीत इतका कालवा, त्या ग्रुपमध्ये तीन मेसेज!

ती टॉवेल बांधून बाहेर आली तेव्हा विचारलं.

"बाकीचे मेसेज कुठे गेले?"

"आपोआप जातात."

"कुठे जातात?"

"आई, जातात म्हणजे जातात."

आणि फोन घेऊन आत गेली. दार लावलं नाही, पण लोटून घेतलं. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांना या दोन्हींतला फरक कळेल.

मी वीस वर्षं वह्या आणि टॅली यांत घालवलीत. आमच्याकडे चुकलेली नोंद खोडत नाहीत, समोर उलटी नोंद करतात. चूक पण दिसली पाहिजे आणि दुरुस्ती पण. टॅलीतही आता कोणी कधी काय बदललं त्याचा लॉग राहतो. त्यामुळे मागे काहीच न ठेवता जाणारी गोष्ट बघितली की माझ्या पोटात गोळाच येतो. ज्याला काही लपवायचं नाही तो पान का फाडेल?

नवऱ्याचं म्हणणं, "दहावी होईपर्यंत फोन कपाटात. विषय संपला." त्यावर सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ह्यानं दहावीत असताना कॅसेटच्या खोक्यात कुणाच्या चिठ्ठ्या लपवल्या होत्या ते विचार त्याला." नवरा पाणी प्यायला उठला तो उठलाच.

गाळ्यावर एक मुलगा आहे, बिलं पोचवतो. तो म्हणतो एक ॲप आहे, तिच्या फोनमध्ये गुपचूप टाकायचं, मग तिला येणारं-जाणारं सगळं माझ्या फोनवर दिसतं. खोडलेलंसुद्धा. त्याने एका काकांना टाकून दिलंय म्हणे.

तर मला दोनच गोष्टी हव्यात. हे घड्याळ म्हणजे नेमकं काय? आणि ते ॲप टाकू का? मुलगी चांगली आहे हो. पण चांगल्या मुलींच्याच गोष्टी आपण पेपरात वाचतो ना.


पेन्शनर_नारायणपेठ
सोमवार, सकाळी ६:०५

प्रश्न लांबलचक. उत्तर छोटं. फोन काढून घ्या. दहावीला फोन लागतो हे क्लासवाल्यांनी काढलेलं खूळ आहे. आमच्या नातवाचा काढून घेतला. तीन दिवस नीट जेवला नाही, चौथ्या दिवशी आमरसाला दोनदा वाढून घेतलं.

   कर्वेनगर_कट्टा
   सोमवार, सकाळी ७:४०
   काका, आणि आता तो मित्राच्या फोनवरून लॉगिन करतो का?

   पेन्शनर_नारायणपेठ
   सोमवार, सकाळी ७:५२
   ठाऊक नाही. विचारलेलं नाही.


हिंजवडी_फेज३
सोमवार, सकाळी ९:३०

ताई, ते घड्याळ म्हणजे डिसअपिअरिंग मेसेज. व्हॉट्सॲपने २०२० च्या नोव्हेंबरात आणलं तेव्हा मेसेज ७ दिवसांनी जायचे. पुढच्या वर्षी २४ तास आणि ९० दिवस असेही पर्याय दिले. ॲडमिनने अडवलं नसेल तर ग्रुपमधली कोणीही व्यक्ती ते चालू करू शकते. तेव्हा हे तुमच्या मुलीनेच केलंय असं धरून बसू नका. आणि हे काही चोरवाटेचं नाही, सेटिंगमध्ये सरळ दिलेलं आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंग ग्रुपलाही कोणीतरी लावून ठेवलंय, त्यामुळे दर महिन्याला तेच भांडण नव्याने होतं.

इन्स्टाला व्हॅनिश मोड आहे, दोघांच्या चॅटमध्ये बघितलं की जातं. स्नॅपचॅट तर २०११ पासून याच कल्पनेवर चालतंय. तिथे फोटो बघितला की गेला, आणि मेसेज राहावा असं वाटत असेल तर तो मुद्दाम सेव्ह करावा लागतो. म्हणजे तुमच्या टॅलीच्या बरोबर उलट.

पण ताई, ती पानं फाटली म्हणून पोटात गोळा आणू नका. गोळा आणायचाच तर वेगळ्या कारणासाठी आणा: ती पानं नीट फाटतच नाहीत. व्हॉट्सॲपच्या या मेसेजचा कोणी स्क्रीनशॉट काढला तर पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही. 'व्ह्यू वन्स' म्हणून एकदाच दिसणारा फोटो पाठवला तर त्याचा स्क्रीनशॉट अडवतात, पण शेजारी दुसरा फोन धरून कोणी त्या स्क्रीनचाच फोटो काढला तर तो कोण अडवणार? अँड्रॉइडमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी म्हणून एक जागा आहे. ती चालू असेल तर आलेल्या नोटिफिकेशनचा मजकूर दिवसभर तिथे पडून असतो, मूळ मेसेज पाठवणाऱ्याने खोडला तरी. खुद्द स्नॅपचॅटवर २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठपका ठेवला होता, की तुम्ही 'गायब होतं' म्हणून सांगता पण समोरचा माणूस ते आरामात साठवू शकतो. कंपनीला तडजोड करावी लागली. पोरांना मात्र अजून वाटतं की गेलं म्हणजे गेलं, आणि त्या भरवशावर ती नको ते लिहून बसतात.

गाळ्यावरच्या मुलाचं ॲप: नको. कृपा करून नको. असली ॲप फोनचं प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप पकडणारी गुगलची सोय) बंद करायला लावतात, मग ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतात. ही परवानगी म्हणजे पडद्यावर दिसेल ते सगळं वाचायची मुभा. तुमच्या मुलीचे फोटो, तिचे पासवर्ड, सगळं कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर जाणार. शिवाय तिच्या मैत्रिणींचंही जाणार, आणि त्यांच्या आईबापांना तुम्ही विचारलेलं नाही. ज्या मुलाने तुमच्या काकांना ते टाकून दिलं, त्याच्याकडे त्या काकांच्या घरचं आज काय काय असेल, याचा विचार करा.

अधिकृत सोय हवी असेल तर आहे. स्नॅपचॅटचं फॅमिली सेंटर २०२२ पासून आहे. तुमचंही खातं लागतं, दोघी एकमेकींच्या फ्रेंड असाव्या लागतात आणि मुलीने तुमचं आमंत्रण स्वीकारावं लागतं. मग गेल्या ७ दिवसांत ती कोणाकोणाशी बोलली ते दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. इन्स्टाने टीन अकाउंट भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत आणलं. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६ च्या आतल्या मुलांना हे सैल करायचं तर पालकांची परवानगी. तिथेही मजकूर दिसत नाही. मुद्दामच तसं ठेवलंय, आणि माझ्या मते बरोबर ठेवलंय.


बिबवेवाडी_बाबा
सोमवार, दुपारी १:१०

एवढं तांत्रिक कशाला? आमच्याकडे साधा नियम आहे. मुलगी दहावीतच. दर रविवारी सकाळी चहाबरोबर तिचा फोन माझ्या हातात. ती समोर बसते, मी सगळे ग्रुप उघडून बघतो, वीस मिनिटांत मोकळा. लपवाछपवी नाही, ॲप नाही. आणि सांगायला आनंद वाटतो, मैत्रिणींच्या ग्रुपवर फक्त अभ्यास असतो. प्रमेयं, सराव प्रश्नपत्रिका, एवढंच. मुलांना ठाऊक असलं की कोणीतरी बघणार आहे, तर ती आपोआप सरळ राहतात.


दुसरं_वर्ष_मेकॅनिकल
सोमवार, रात्री १०:१५

मी १९ वर्षांची, साताऱ्याची, इथे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. मी तुमच्या मुलीच्या बाजूने बोलणार आहे.

काकू, तुम्ही दहावीत असताना शाळेतून घरी येताना मैत्रिणीशी काय बोलायचात ते आज कुठे लिहिलेलं आहे का? नाही ना. ते हवेत गेलं. आम्हाला तसं बोलायला जागाच नाही. शाळेतून क्लास, क्लासमधून घर, बोलायचं ते टाइप करूनच. मग ते बोलणं हवेत जावं म्हणून टायमर. त्यात नव्वद टक्के कचरा असतो, कोणाचा ड्रेस, कोणता मुलगा, कोणते सर.

मी अकरावीत असताना आईने माझं चॅट वाचलं. वाचलं ते वाचलं, मावशीला फोनवर वाचून दाखवलं. मी पलीकडच्या खोलीत होते. त्या दिवशी मी आईवर ओरडले नाही, काहीच केलं नाही. दुसरं इन्स्टा उघडलं. एकावर गणपती, आजीचा वाढदिवस आणि सगळे नातेवाईक. दुसऱ्यावर १४ जण. आईला वाटायचं मी सुधारले.

बिबवेवाडीवाल्या काकांना राग येईल, पण फक्त प्रमेयं असलेला मुलींचा ग्रुप मी आयुष्यात बघितलेला नाही.

मात्र हिंजवडीवाले दादा म्हणतात ते खरं आहे. माझ्या एका मैत्रिणीने रडतानाचा सेल्फी व्ह्यू वन्सने एकाला पाठवला होता. साधा फोटो, नाक लाल, केस विस्कटलेले. त्याने दुसऱ्या फोनवरून तो काढला आणि त्याचं स्टिकर केलं. दोन दिवसांत अख्खा वर्ग कोणाचीही फिरकी घ्यायला तेच स्टिकर वापरायला लागला. ती चार दिवस कॉलेजला आली नाही, घरी सांगितलं पोट दुखतंय. खरं का सांगितलं नाही माहितीय? कारण सांगितलं असतं तर पहिलं काम काय झालं असतं, फोन गेला असता. ज्याने केलं त्याचं काय व्हायचं ते नंतर.

अजून एक, तुम्ही घड्याळाकडे बघताय तर हे पण विचारा. स्नॅपचॅटवर स्ट्रीक असते. दोघींनी एकमेकींना रोज एक तरी स्नॅप पाठवायचा, एक दिवस चुकला की आकडा शून्य. मग मुली परीक्षेला किंवा रेंज नसलेल्या गावी जाताना आपला पासवर्ड मैत्रिणीला देऊन जातात, "माझ्या स्ट्रीक सांभाळ गं." मी पण दिलाय. मेसेज गायब होतात त्यापेक्षा मला आज त्याचीच जास्त भीती वाटते. माझ्या नावाने कोणीही काहीही पाठवू शकलं असतं.

शेवटचं विचारते, राग मानू नका. तुमचं आणि तुमच्या बहिणीचं चॅट तुमच्या मुलीने वाचलेलं चालेल?


धायरीची_आई
मंगळवार, दुपारी २:००

डबा खाता खाता लिहितेय. ॲप टाकत नाही. त्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, फुकटात टाकून दिलं असतं." तेव्हा जास्तच धास्तावले.

मेकॅनिकल, तू वयाने लहान आहेस पण सुई बरोबर जागी टोचलीस. मी आणि माझी बहीण (ती नाशिकला) रोज दुपारी बोलतो, टायपूनच, कारण गाळ्यावर फोनवर बोललं की मालक ऐकतात. त्यात सासूबाई असतात. म्हणजे सासूबाईंविषयी असतं. आणि संध्याकाळी सासूबाई माझाच फोन घेऊन यूट्यूबवर कीर्तन ऐकतात. म्हणून रोज धायरी फाट्याच्या सिग्नलला थांबले की मी ते चॅट साफ करते. गेली तीन वर्षं. सिग्नल बराच मोठा आहे, वेळ पुरतो.

आणि वर लिहून बसले, ज्याला काही लपवायचं नाही तो पान का फाडेल.

   हिंजवडी_फेज३
   मंगळवार, दुपारी २:२०
   ताई, त्या चॅटला २४ तासांचं घड्याळ लावा ना.

   धायरीची_आई
   मंगळवार, दुपारी २:२४
   कीर्तन संध्याकाळी सातला असतं. २४ तास फार झाले.


शाळेतली_समुपदेशक
मंगळवार, रात्री ९:००

मी एका शाळेत समुपदेशक आहे, आठवी ते दहावी बघते. वरची चर्चा चांगली चाललीय, म्हणून एवढंच सांगते जे कोणी बोललेलं नाही.

घड्याळ दिसलं म्हणून घाबरू नका. पण मुलगी फोन वाजला की दचकत असेल, रात्री दोनला जागी असेल, अचानक पैसे मागत असेल, किंवा इन्स्टावर ओळख झालेला कोणी "इथे नको, स्नॅपवर ये" म्हणत असेल, तर थांबून चौकशी करा. मेसेज जिथे टिकत नाहीत तिथे मुलांना ओढून नेणं ही फसवणाऱ्यांची नेहमीची रीत आहे. आणि त्यांचं बोलणं आमच्याकडे आलेल्या प्रत्येक प्रकरणात एकाच वळणावर येतं: "घरी सांगितलंस तर तुलाच ओरडतील." जे घर खरंच आधी ओरडतं, तिथे त्यांचं काम सोपं होतं.

आता पालकांची एक चूक, जी मी डोळ्यांनी बघितलीय. एका मुलीचा नको तसा फोटो फिरला. एका आईच्या हाती तो लागला आणि तिने "सावध राहा" म्हणून तो वर्गाच्या पालक-ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता. पण १८ वर्षांखालील मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा, २०१२ चा, तोही लागतो. पुरावा म्हणूनसुद्धा पुढे पाठवायचा नाही. समोरच्याचं युजरनेम, तारीख, वेळ, खात्याची लिंक कागदावर लिहून ठेवा. धमकीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. रागाच्या भरात खातं ब्लॉक करून डिलीट करू नका, सगळं हातचं जातं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. मुलांच्या आणि स्त्रियांच्या तक्रारींचा तिथे वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन. शिवाजीनगरला सायबर पोलीस ठाणं आहे, थेट जाता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

फोटो अजून पसरायचा असेल तर 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे, २०२३ पासून, अमेरिकेतल्या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची. फोटो कुठे अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक अंकी ठसा तयार होतो, आणि सहभागी असलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो ओळखून काढतात. इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट त्यात आहेत.

हे मुलीला आधी सांगून ठेवा. वेळ आल्यावर सांगायला गेलं तर तिला ते रागावणंच वाटतं.


धायरीची_आई
शनिवार, रात्री ११:४५

काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

गुरुवारी टिळक रोडवरून तिला क्लासमधून घेतलं, साडेआठ झालेले. ॲक्टिव्हावर ती मागे, मी पुढे. मला तिचं तोंड दिसत नाही, तिला माझं. दांडेकर पूल ओलांडेपर्यंत गप्प. मग मी म्हटलं, तुला एक सांगायचंय, आणि सिग्नलला मी रोज काय करते ते सांगितलं. आधी मागून आवाजच येईना. मग गाडी हलायला लागली इतकी हसत होती. "तीन वर्षं?" "तीन वर्षं." "आजीला सांगू?" पुढे विठ्ठलवाडीजवळ दोन प्लेट पाणीपुरी, तोंड बंद ठेवण्याबद्दल. सुखा पुरी जास्तीची.

पुरी खाताना तिने आपणहून सांगितलं. घड्याळ तिने लावलेलं नाही. ग्रुपमधल्या एकीचे वडील आठवड्यातून एका ठरलेल्या वारी तिचा फोन तपासतात. कोणता वार ते मी इथे लिहीत नाही. तिच्यासाठी सगळ्यांनी मिळून २४ तासांचं लावलं, आणि त्या वाराच्या आदल्या दिवशी ग्रुपवर फक्त अभ्यासाचं बोलायचं असं ठरलंय. एखादी विसरून काही बोललीच तर बाकीच्या पटकन प्रमेय विचारतात. मला तो रविवारचा ग्रुप आठवला आणि पुरी घशात अडकली.

"त्या काकांना वाईट नाही वाटणार कळलं तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांना बरं वाटावं म्हणूनच तर करतो."

याला काय उत्तर द्यायचं? मी अजून एक पुरी घेतली.

सगळं गोड झालं असं समजू नका. पाणीपुरीनंतर वडगावच्या पुलापर्यंत आम्ही भांडलो. तिची स्ट्रीक आहे २१२ दिवसांची, आणि हो, दिवाळीत कोकणात रेंज नव्हती तेव्हा पासवर्ड मैत्रिणीला दिलेला. बदलला का? नाही. का? "तिला वाईट वाटेल." घरी आल्यावर तो बदलायला लावला, त्यात रात्रीचे दहा वाजले आणि रडारड झाली. शिवाय क्लासच्या सरांविषयी एकीने काहीतरी लिहिलेलं, ते दुसरीने फोटो काढून तिसऱ्या ग्रुपवर टाकलेलं. चोवीस तासांनी सगळ्यांच्या फोनमधून गेलं, सरांच्या फोनमधून नाही गेलं. लिहिणारी आमची नव्हती. हसणाऱ्यांत आमची होती. सर काही बोलले नाहीत, पण आता ते शिकवताना त्या बाकाकडे बघत नाहीत, आणि मुलींना ते जास्त लागलंय.

फॅमिली सेंटरसाठी मी स्नॅपचॅटवर खातं काढलं. दोन दिवस वाटाघाटी. तिची अट: यादीतल्या प्रत्येक नावावर "हा कोण?" करायचं नाही. माझी अट: मला एकही नाव अनोळखी वाटलं तर एकदा विचारणार, एकदाच. नवऱ्याला दोन्ही अटी पटलेल्या नाहीत. सासूबाईंनी त्याला कॅसेटच्या खोक्याची आठवण दिली. एक नाव विचारलं, ते कऱ्हाडचं माझ्याच भावाचं पोर निघालं, नावाच्या पुढे काहीतरी इंग्रजी लावून बसलंय.

काल संध्याकाळी मी गाळ्यावरच होते, तिचा पहिला स्नॅप आला. उतू गेलेलं दूध, ओट्यावरून खाली ओघळतंय, आणि वर लिहिलेलं, "आजीला सांगू नको." मला तो ठेवावासा वाटला, म्हणून स्क्रीनशॉट काढला. स्नॅपवर तो काढला की समोरच्याला कळतं हे मला कुठे माहीत? मिनिटाच्या आत मेसेज: "आई!!!"


बिबवेवाडी_बाबा
रविवार, सकाळी ९:२०

ताई, तो वार रविवार का?

   धायरीची_आई
   रविवार, सकाळी ९:४१
   दादा, पुण्यात रविवारी सकाळी फोन तपासणारे बाप शेकड्याने असतील.

   बिबवेवाडी_बाबा
   रविवार, सकाळी ९:४४
   आमच्याही ग्रुपच्या डीपीवर घड्याळ आहे. आजच दिसलं. विचारू का तिला?

   धायरीची_आई
   रविवार, सकाळी ९:५०
   चहाच्या टेबलावर नको. गाडीवर विचारा.

   बिबवेवाडी_बाबा
   रविवार, सकाळी ९:५२
   आमच्याकडे चारचाकी आहे.

   धायरीची_आई
   रविवार, सकाळी ९:५३
   मग मागच्या सीटवर बसवा. आणि आरसा थोडा वर करा.